चंद्रफुलाचं काजळ

ग्रंथालयावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, तशा बायका खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसल्या, मागच्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. पंखे नुसते फिरत होते. माना सगळ्यांच्या एकाच दिशेला. समोर व्यासपीठावर हिरवा एप्रन घातलेली, मोकळ्या केसांची एक बाई उभी होती. तिला सगळे हरितमाई म्हणत.

"माझ्या रंगात प्राण्याचा अंश नाही, कारखान्याचं रसायन नाही," ती संथ आवाजात सांगत होती. "फक्त वनस्पती. आणि सख्यांनो, वनस्पती खोटं बोलत नाही. ही कांडी बघा. आहे का हिला काही रंग?"

कांडी पांढरीफटक होती, मेणबत्तीच्या तुकड्यासारखी. तिने पहिल्या रांगेतल्या, आमच्या ओळखीच्या बेकरीवालीला वर बोलावलं आणि कांडी तिच्या ओठांवरून फिरवली. बघता बघता ओठ गुलाबी झाले. हॉलमध्ये "अगं बाई!" अशी लाटच उठली.

"मन निर्मळ असलं की कांडी उमलते," हरितमाई म्हणाली. "ज्याच्या आत विष, त्याच्या ओठांवर ती मुकी राहते."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. असल्या ठिकाणी माझं डोकं तडकायला वेळ लागत नाही. मी आले होते ती केवळ माझ्या थोरल्या बहिणीसोबत. ताईचं रफूचं दुकान आहे. सिगारेटने जळलेला कोट असो की उंदराने कुरतडलेली शाल, ती असा धागा भरायची की गिऱ्हाईक उलटसुलट करून भोक शोधत बसे. उभ्या आयुष्यात तिने तोंडाला पावडर लावली नव्हती. पण मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि बेकरीवालीने तिच्या मनात भरवलं होतं की वनस्पतींचे रंग चेहऱ्याला बाधत नाहीत, एकदा लावून तर बघा.

ताई वर गेली. लाजत, साडीचा पदर सारखा नीट करत. हरितमाईने तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं, टोपलीतून नवी कांडी काढली आणि ताईच्या ओठांवर फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. ओठ नुसते तेलकट चमकले.

पुढच्या रांगेतल्या बायका माना लांब करून बघायला लागल्या.

"कुणाबद्दल तरी मनात गाठ आहे," हरितमाई हळू आवाजात म्हणाली, पण माइक हातात ठेवूनच. "गेलेल्या माणसाबद्दल?"

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असं विचारलं, तर तिला कुणी ना कुणी गेलेलं आठवणारच. पण ताईचा चेहरा पांढरा पडला. तिचा नवरा गेला, त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हरितमाईने ते सगळ्यांना दाखवलं. "बघा. विष हललं!"

मग शुद्धीचं सामान पुढे आलं. गालांना लावायची लाली, जिने 'झोपलेलं रक्त जागं होतं'. आणि एका सुबक डबीत काजळ. डबीच्या झाकणावर पांढऱ्या भोंग्यासारख्या फुलाचं चित्र, शेजारी काटेरी फळ.

"हे चंद्रफूल," हरितमाई म्हणाली. "रोज आतल्या पापणीला लावायचं. डोळे हरिणीसारखे मोठे होतील. जवळचं थोडं धूसर दिसेल, घाबरू नका. बाहेरची नजर मंद झाल्याशिवाय आतली उघडत नाही. डोळा दुखला तर समजा, विष निघतंय. त्या वेळी थांबलात तर ते उलटं आत शिरतं."

घरी येताना मी ताईला म्हटलं, "हातचलाखी आहे नुसती. फेकून दे ती डबी."

"तुझ्या ओठांवर नाही ना ती कांडी मुकी राहिली," ती म्हणाली. "एवढ्या बायकांदेखत माझ्याच राहिली."

पुढे ती हा विषय माझ्यासमोर काढेना. मीही समजले, टाकली असेल तिने ती डबी. मधल्या काळात शहरभर हरितमाईची हवा झाली. बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून माणसं ओळखायला लागल्या. एका सुनेची कांडी मुकी राहिली म्हणून सासूने तिच्या हातचं पाणी नाकारलं. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत दोन पदवीधर बायांनी मला ऐकवलं, "तुमच्या विज्ञानाला सगळंच कळतं असं थोडंच आहे!" असलं बोलणं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सगळं कळत नाही हे खरं. पण म्हणून समोरचा जे सांगेल ते खरं, हे कुठलं गणित?

मग एका दुपारी भाचीचा फोन आला. "मावशी, आई उलट्या करतेय. डोकं धरून बसलीये. डॉक्टरकडे चल म्हटलं तर ऐकत नाही."

मी गेले तेव्हा ताई अंधाऱ्या खोलीत भिंतीला डोकं टेकून बसली होती. उजवा डोळा लालबुंद. बाहुली एवढी मोठी की बुबुळाचा तपकिरी भाग नुसती कडा होऊन राहिला होता. दुखणं आदल्या दिवशीच सुरू झालं होतं.

"विष निघतंय," ती दात आवळून म्हणाली. "आता थांबले तर उलटं जाईल."

मी तिला अक्षरशः ओढत रिक्षात घातलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला. बाहुली तसूभरही लहान झाली नाही. त्यांनी मान वर केली. "डोळ्यात काय घातलंत?"

"काही नाही," ताई म्हणाली. "नैसर्गिक काजळ."

भाचीने डबी पुढे केली. झाकणावरचं चित्र बघताच डॉक्टरीणबाईंचा जबडा आवळला गेला. "हा धोतरा आहे."

उपचार झाल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं. "धोतऱ्याने बाहुली फाकते. म्हणून डोळा मोठा आणि पाणीदार दिसतो, आणि जवळचं धुरकट होतं. आम्हीही तपासणीसाठी बाहुली मोठी करणारं औषध घालतो, पण आधी बघून. काहींच्या डोळ्यांतली पाणी बाहेर जायची वाट मुळातच अरुंद असते. बाहुली फाकली की ती बंद होते आणि आतला दाब वाढत जातो. तुमच्या बहिणीचं तेच झालं. डावा डोळा वाचेल. उजव्याची नस बरीचशी दबलीये. दुखायला लागल्याबरोबर आल्या असत्या, तर हे इतकं झालं नसतं."

दुखायला लागल्याबरोबर! म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा तिला सांगितलं होतं की आता थांबायचं नाही. नुसतं चुकीचं औषध देणं वेगळं. वेदना हीच शुद्धीची खूण म्हणून शिकवणं, माणसाच्या शरीराने मारलेली हाकच बंद पाडणं, याला मी दुसरा शब्द वापरीन. पण छापता येणार नाही.

ताई घरी आली. मी तिची पिशवी आवरत होते, तर आत ती मुकी कांडी सापडली. बरीच झिजलेली.

"रोज सकाळी लावून बघायचे," ताई खाली बघत म्हणाली. "वाटायचं, आज तरी होईल."

त्याच वेळी बेकरीवाली तिला बघायला आली, हातात पावाची पुडी घेऊन. मी तिच्याकडे तिची कांडी मागितली. ती पर्समध्येच होती. म्हटलं, "ही ताईला लावा."

"अहो, माईंनी सांगितलंय दुसऱ्याची लावायची नाही. विष चढतं."

"चढू दे. लावा."

तिने घाबरत घाबरत लावली. ताईचे ओठ गुलाबी झाले. मी आरसा धरला. ताई डाव्या डोळ्याने किती तरी वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःची कांडी उचलली, बेकरीवालीला ओठ पुसायला लावले आणि त्यांवर फिरवली. काही नाही. नुसतं मेण.

"म्हणजे मी..." ताईने कांडी खाली ठेवली. "म्हणजे माझ्यात काही नव्हतंच?"

"काही नव्हतं, ताई. रंग कांडीत होता. आणि तुझ्या कांडीत तो घातलाच नव्हता."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "पुढच्या रविवारी मला तिथे ने."

रविवारी हॉल पुन्हा खचाखच. आम्ही चौघी गेलो. ताई डोळ्यावर पट्टी लावून, बेकरीवाली, मी, आणि दवाखाना बंद ठेवून आलेल्या डॉक्टरीणबाई. हरितमाईने ताईला पाहिलं आणि क्षणात सूर पकडला. "बघा सख्यांनो, शुद्धीच्या वाटेवर काहींचा तोल जातो. हिने मध्येच सोडलं असणार."

"सोडलं नाही," ताई जागेवरून म्हणाली. माइक नव्हता, तरी शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "तुम्ही सांगितलंत तसं शेवटपर्यंत लावलं. म्हणून डोळा गेला."

मी व्यासपीठावर चढले आणि पिशवीतून बटाटा काढला. खसखस पिकली.

"हसा. हा बाजारातला बटाटा आहे. याने आजवर कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, हे मी मान्य करते." मी तो चिरला आणि बेकरीवालीची कांडी कापल्या भागावर घासली. बटाटा गुलाबी झाला. "पुण्यवान निघाला! आता माणसासारखं ऐका. या मेणात एक रंगद्रव्य मिसळलंय. कोरडं असताना ते दिसत नाही. ओलाव्याशी गाठ पडली की गुलाबी होतं. ओठ ओले असतात, बटाटा ओला असतो. मन कुठे येतच नाही यात. आणि हे द्रव्य कुठल्या झाडाला लागत नाही, कारखान्यात तयार होतं."

"अश्रद्धेच्या हातात वनस्पती रुसते," हरितमाई म्हणाली.

"रुसली कुठे? चांगली खुलली की!" मागून कुणीतरी ओरडलं.

ताई पुढे झाली. "ही माझी मुकी कांडी. माई, तुमच्या ओठांना लावते. तुमचं मन तर निर्मळच आहे."

हरितमाईने तोंड फिरवलं. "मी परीक्षा देत नसते."

"मी देते की," बेकरीवाली म्हणाली. तिने भर हॉलमध्ये ओठ खसाखसा पुसले आणि ताईची कांडी लावली. ओठ कोरे ते कोरेच. "काय गं बायांनो? मागच्या वेळी मी देवमाणूस होते. आज पापीण झाले!"

मग काय विचारता! पर्सा उघडल्या. पहिल्या रांगेतलीने मागच्या रांगेतलीची कांडी ओढली, सासूने सुनेची लावली. ज्या बाया इतके दिवस मान खाली घालून वावरत होत्या त्यांचे ओठ गुलाबी होत होते, आणि ज्या नाक वर करून फिरत होत्या त्या आरशात बघत कांडी पुन्हा पुन्हा घासत होत्या. ती सासू हातातल्या मेणाकडे बघत मटकन खाली बसली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी माइक घेतला. "ज्यांनी काजळ लावलंय त्यांनी पुढे या." बारा-पंधराजणी आल्या. त्यांनी एकेकीच्या डोळ्यांवर टॉर्च मारला आणि इतरांना जवळ बोलावून दाखवलं. "उजेड पडला की बाहुली लहान झाली पाहिजे. होतेय का? हे सौंदर्य नाही. ही विषबाधा आहे. आता डबीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवा मला."

एकीलाही वाचता येईना. डब्या लांब धरल्या, जवळ धरल्या. शेवटी मी वाचलं, "डोळ्यांच्या संपर्कात येऊ देऊ नये."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. काजळाची डबी, आणि डोळ्यांत घालू नका! कज्जा कोर्टात गेलाच तर हात झटकायची सोय. आणि काजळ लावलेल्या बाईला ते वाचता येणार नाही, याची सोय काजळानेच केलेली.

"गालांची लाली कुणी जिभेवर ठेवून बघणार असेल तर सांभाळून," मी म्हटलं. "मिरचीचा अर्क आहे. मी बघितलंय. रक्त जागं होत नाही, कातडी भाजते."

गडबडीत हरितमाई मागच्या जिन्याने निघाली होती. बायकांनी तिला जिन्यातच अडवलं. पोलीस आले, माल जप्त झाला, गुन्हा दाखल झाला. ती जामिनावर सुटली. दुसऱ्या शहरात ती आता केसांचं तेल विकते आणि तिथेही हॉल भरतो, असं ऐकते. एवढं होऊनही त्या दिवशी जिना उतरताना एकीने मला विचारलं होतं, "पण बाई, तो गुलाबी रंग खरंच छान होता. कुठे मिळेल?" मी सांगितलं, साध्या दुकानात मिळतो. लावा खुशाल. फक्त त्याला स्वतःचा न्याय करायला बसवू नका.

ताईचा उजवा डोळा परतला नाही. मुलीच्या लग्नात ती चष्मा लावून उभी होती, तोंडाला काही न लावता. बारीक रफू आता तिला जमत नाही. ती बटणं लावते, अस्तरं बदलते, आणि नाजूक काम आलं की गिऱ्हाईकाला नाही म्हणते. दर वेळी ते 'नाही' म्हणताना तिचा आवाज जरासा खाली येतो. तो ऐकला की माझा राग पुन्हा पहिल्याइतकाच ताजा होतो, आणि तो थंड व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

कुणाला प्राण्यांना इजा नको म्हणून वनस्पतींचे रंग वापरायचे असतील तर त्यांचा मी आदर करते. तो विचार चांगला आहे. पण झाडाचं आहे म्हणून निर्धोक, हे झाडाने सांगितलेलं नाही, विकणाऱ्याने सांगितलंय. धोतरा झाडच आहे. कण्हेरही झाडच. डोळ्यात, ओठांवर, गालावर काही लावण्याआधी विचारा, यात काय आहे? कुणी तपासलंय? आणि दुखलं तर काय करायचं? या शेवटच्या प्रश्नावर जो कुणी 'सहन करा' म्हणेल, त्याच्यासमोरून तिथल्या तिथे उठा आणि डॉक्टरकडे जा.