दोन फरशांच्या मध्ये

आईनं अंथरूण धरल्याचा निरोप सुंदराला बांगड्या विकणाऱ्या कासारणीनं दिला, तेव्हा खालापूरकडच्या तिच्या सासरी लावणी ऐन भरात होती. सासरा आबाजी म्हणाला, "लावणी उरकू दे, मग जा." सासूनं मान डोलावली. नवरा सदू खाली बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सुंदरा शेताकडे म्हणून निघाली ती थेट कर्जतला येऊन मुरबाडच्या एस्टीत बसली.

कशेळं मागं पडलं आणि पावसानं जोर धरला. एका ओढ्यावरची फरशी, पाण्यालगतचा बुटका पूल, गाडीनं कशीबशी ओलांडली. पुढच्या ओढ्यावर आली तर फरशी दिसेचना, नुसतं लाल पाणी उसळत होतं. ड्रायव्हरनं गाडी वळवली. माघारी आला तोवर मागची फरशीही बुडाली होती. पुढं जाता येईना, मागं जाता येईना. मधल्या गावच्या लोकांनी उतारूंना देवळात बोलावलं. सुंदराही निघाली. पायरीवर एकानं विचारलं, "कुठल्या आळीतल्या तुमी?" तिनं खरं ते सांगितलं. तो मान खाजवीत म्हणाला, "तुमाला गाडीतच बरं पडंल."

ती गाडीत परतली. आत एक म्हातारी ठाकरीण टाकळ्याच्या भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "जयभीम. तू आबाजीची सून ना गं?"

सुंदरानं मागं वळून पाहिलं. तो येसाजी होता, सासरच्या भावकीतला.

"एकलीच निगालीस? आबाजीला ठाव हाय?"

सुंदरानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"म्हंजे नाय. पानी उतरलं का माझ्यासंगं माघारी चल. सुनेला पायली आन् सोडून दिली म्हनलं तर आबाजीला काय तोंड दावू मी?" त्यानं तिची पिशवी उचलून आपल्या बाकाखाली सरकवली. माणूस वाईट नव्हता. खिडकीतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यानं आपलं घोंगडं तिच्या अंगावर टाकलं, आपली भाकरी मोडून तिला नि म्हातारीला दिली. पण सुंदरा पाय मोकळे करायला उठली की तोही उठायचा.

रात्र तशीच बसल्या बसल्या गेली. सकाळी कंडक्टरनं येऊन सांगितलं, मागची फरशी मोकळी झाली, गाडी माघारी कर्जतला जाणार. पुढच्या पाण्याचा भरवसा नाही.

"बघ, देवच पावला," येसाजी म्हणाला.

म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन उतरायला लागली. सुंदरानं तिला विचारलं, "तू कशी जानार गं?"

"डोंगराच्या अंगानं. वर वढा ल्हान हाय. ये तुला यायचं तं."

सुंदरानं येसाजीकडे हात केला. "काका, पिशवी द्या."

"नाय द्यायची."

पिशवीत तिचं एकुलतं धड लुगडं होतं, आईसाठी बांधून घेतलेली खडीसाखर होती. ती क्षणभर थांबली आणि तशीच उतरली.

"सुंदरा! आबाजीला सांगेन मी!"

"सांगा. आईकडं गेली म्हून सांगा."

कंडक्टरनं घंटी मारली.

चढ निसरडा होता. ठकूबाई, म्हातारीचं नाव, अनवाणी भराभरा चढत होती आणि सुंदराला करवंदीच्या जाळ्या धरत जावं लागत होतं. वर ओढा ठकूबाईनं सांगितला तेवढा लहान नव्हताच. कमरेइतक्या पाण्यात सुंदराचा पाय सुटला. ठकूबाईनं तिला दंडाला धरून ओढलं, ते इतकं जोरानं की दंडावर बोटं उमटली. पलीकडे उतारावर तिनं हातानं वाट दाखवली, "त्या सागापासनं सरळ जा," आणि आपल्या पाड्याकडे वळली.

सुंदरा चिखलानं माखून माहेरच्या दारात उभी राहिली. भावजय ठमी बाहेर आली. "आलीस गं बाय! आई कालधरनं दाराकडं बगतायत."

आईची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डाव्या हातानं तिनं सुंदराचं मनगट धरलं. ठमीनं भाकरी वाढली तरी तिनं सोडलं नाही, म्हणून सुंदरा डाव्या हातानं जेवली.

दोन दिवसांनी सदू आला. अंगणात भिजत उभा राहिला.

"चल," तो म्हणाला. "बापानं न्यायला धाडलंय."

"आई हाय अजून," सुंदरा आतूनच म्हणाली.

त्यानं वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वहाणा काढल्या आणि ओट्यावर बसला. दुपार टळली तरी तो उठला नाही. दिवस कलायला लागला तसा घागर घेऊन निघालेल्या ठमीला म्हणाला, "द्या इकडं," आणि पाण्याला गेला.