माझ्या पाठीवरची चीर

मी एक जुना सराव-बोर्ड आहे, पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला बनवलेली सर्किटची पाटी. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये राहतो. आणि खरं सांगू का मित्रांनो, मला सारखी भीती वाटते. कुणी डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापवायला ठेवलं की माझा जीव खालीवर होतो.

मला उदगीरच्या मंजुश्री मॅडमनी आपल्या हातानं घडवलं. माझ्या अंगावर तांब्याच्या दोन बारीक वाटा आहेत, दिसायला अगदी जुळ्या. पाठीवर तांब्याचा सलग थर आहे. सिग्नल वाटेनं जातो आणि पाठीवरून परततो. पण एका वाटेखाली मॅडमनी त्या थराला मुद्दाम आडवी चीर दिली. सिग्नल सावकाश असला तर काहीच कळत नाही. वेग वाढवला की परतीचा रस्ता अडतो आणि जोडलेल्या यंत्राच्या स्क्रीनवरचं सिग्नलचं चौकोनी चित्र थरथरायला लागतं. पोरांनी आधी गोंधळायचं, मग मला पालथं करून चीर शोधायची, अशी मॅडमची शिकवायची पद्धत. म्हणून त्यांनी माझ्यावर एक अक्षरही लिहिलं नाही.

मॅडमच्या वर्गातल्या जळकोटच्या आरतीचा स्वतः बनवलेला बोर्ड चालत नव्हता, तेव्हा ती रडकुंडीला आली होती. माझी चीर सापडली आणि तिला तिच्या बोर्डातलीही तशीच चूक सापडली. तिनं मला ओढणीनं पुसलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढं मॅडमची लातूरला बदली झाली आणि मी कपाटात गेलो. नवे सोमेश सर आले. माणूस मोठा कामसू, पण बिघडलेलं काही दिसलं की त्यांना चैन पडत नाही. आमच्याकडं तशी रीतच आहे. कूलर असो की पाण्याची मोटार, कुठंतरी तार जोडायची आणि चालू करून मोकळं व्हायचं. तपासणीला पथक येणार म्हणून सरांनी एकेक वस्तू लावून पाहिली. माझं थरथरतं चित्र दिसताच त्यांनी मला पालथं केलं, चीर बघून चुकचुकले आणि तांब्याची पट्टी कापायला घेतली.

अरे देवा! ती पट्टी बसली की मी धडधाकट होणार होतो, आणि मग माझ्याकडून कुणाला काय शिकता आलं असतं? ओरडायला मला तोंड नाही. आयर्न तापलं होतं, राळेचा वास सुटला होता.

तेवढ्यात वायर मागायला आरती आत आली.

"सर, थांबा. ती चीर मॅडमनं मुद्दाम ठेवलेली हाय."

"बिघाड कुणी मुद्दाम ठेवतंय व्हय?" सर म्हणाले, पण त्यांचा हात थांबला.

तिनं मला जोडलं. आधी सावकाश सिग्नल दिला, मग वेग वाढवत नेला. चित्र थरथरलं तसा सरांनी स्वतः वेग कमी-जास्त करून पाहिला. मग त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवलं. आरतीनं माझ्या पाठीवर सूचना लिहायला मार्कर उघडला, तर सरांनीच तिला अडवलं.

"लिहू नको. पुढच्या पोरांनाबी शोधू दे."

मित्रांनो, मला आनंद झाला आणि धडकीही भरली. आरती यंदा पास होऊन जाईल. सरांचीही कधीतरी बदली होईल. तेव्हा हे कपाट उघडणारे तुम्हीच असाल. एखादी वस्तू मोडकी दिसली, तर हात लावण्याआधी कुणाला तरी विचारा, ही अशी का ठेवली असेल? एवढं माझ्यासाठी करा. माझ्या पाठीवर काहीच लिहिलेलं नाही, आणि सरांनी कापलेली ती पट्टी अजून माझ्या शेजारीच पडून आहे.