कोठीवाल्यांचा टप्पा

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण रिलीजच्या दिवशी फोनवर अशी हजेरी घ्यायचे की घरात लोळत पडलेला माणूसही उठून नीट बसायचा. कंपनी बसगाड्यांच्या वेळा सांगणारं सॉफ्टवेअर बनवायची आणि त्याची नवी आवृत्ती महिन्यातून एका शनिवारी सकाळी चढायची. आधी कोण, मागून कोण, कोणी कुणासाठी थांबायचं, बिघडलंच तर पाऊल मागे कसं घ्यायचं, हे सगळं मास्तरांच्या वहीत असे. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या फोनवरचा त्यांचा खास माणूस म्हणजे कोठीवाले. खरं आडनाव वेगळंच. डेटाबेस सांभाळायचे, म्हणजे सगळ्या माहितीची कोठी यांच्या ताब्यात, म्हणून कोठीवाले. ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत बसत, पुढे पुढे घरूनच काम करू लागले. दोघांची कधी गाठ पडली नव्हती. पण माहितीची प्रत काढायला अर्धा-पाऊण तास लागे. बाकीचे फोन तसाच ठेवून आंघोळीला पळत, आणि हे दोघे बोलत बसत. गुडघे, बायका, कुंडीतले टोमॅटो, कशाकशावर बोलत. तिकडे कोठीवाल्यांच्या सुनेनं स्कूटर सुरू केली की मास्तर इकडून म्हणायचे, "आज उशीर झाला वाटतं तिला."

मग टूल आलं. रिलीजचे सगळे टप्पे त्यात भरायचे, एक झाला की पुढचा ते आपणच सुरू करणार, अडलं तर थांबून निरोप धाडणार. वही टूलमध्ये उतरवायचं काम अर्थातच मास्तरांकडे आलं. चार महिने मान मोडून त्यांनी एकशे सदतीस टप्पे भरले, आणि इतके चोख की एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाणारा एकही बाण चुकला नाही. मुलीच्या वयाची साहेब मीटिंगमध्ये म्हणाली, "मास्तर, आता तुम्ही निवांत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या.

निवांतपणा काय असतो ते पहिल्याच शनिवारी कळलं. पडद्यावरचे टप्प्यांचे चौकोन एकामागून एक हिरवे होत गेले. फोन नाही, हाक नाही. पाच तासांचं काम दीड तासात उरकलं. "अरे वा!" मास्तर मोठ्यानं म्हणाले, पण ऐकायला घरात कोणी नव्हतं. लेकीला जुळं झाल्यावर बायको तीन महिन्यांसाठी म्हणून तिच्याकडे गेली होती. त्याला आता आठ महिने होत आले होते. "इकडची काळजी करू नकोस, माझं झकास चाललंय," असं हे दर रविवारी तिला सांगत.

एकच टप्पा त्यांनी हाती ठेवला होता. प्रत निघाली की कोठीवाल्यांनी ती तपासायची आणि 'पुढे' हे बटण दाबायचं.

"हेही टूल करेल की," साहेब म्हणाली होती.

"माहितीचा मामला आहे. माणसाची नजर हवी."

हे खरं होतं, पण अर्धंच. बटणाशेजारी शेरा लिहायला एक ओळ होती, आणि कोठीवाले तिच्यात लिहायचे, "तपासलं. गुडघा बरा. दोन टोमॅटो पिकले." मास्तर ते दोन-तीनदा वाचत.

पाचव्या महिन्यात तो टप्पा पिवळा झाला, म्हणजे बटणाची वाट पाहू लागला, आणि पिवळाच राहिला. पावणेनऊ झाले, नऊ झाले. कोठीवाल्यांचा मोबाईल बंद. सव्वानऊला साहेबांचा निरोप आला: "त्यांच्या वतीने तुम्ही दाबा ना. तुम्हाला अधिकार आहे."

मास्तरांनी प्रतीची मोजणी स्वतः केली, पुन्हा एकदा केली, आणि 'पुढे' दाबलं. शेऱ्याशिवाय टूल सोडेना, तेव्हा त्यांनी लिहिलं, "संबंधित व्यक्ती उपलब्ध नाही." पुढचं सगळं बिनबोभाट पार पडलं. दहाला साहेबांचं "मस्त!" आलं. माणूस कुठे गेला, हे कोणी विचारलं नाही.

जुन्या वहीच्या मलपृष्ठावर कोठीवाल्यांच्या घरचा नंबर होता. फोन सुनेनं उचलला.

"मास्तर ना? आवाजावरून ओळखलं. अहो, बाबांना बुधवारी झटका आला, उजवी बाजू गेली. ऑफिसला मेल केली होती मी."

मेल ज्याला जायची त्याला गेली असणार. त्यानं रजा मांडली असणार. टूलमध्ये ते कळायला काही वाट नव्हती. मास्तरांनीच ठेवली नव्हती.

दोन बस बदलून ते हॉस्पिटलात पोचले. फोनवरच्या भरदार आवाजावरून त्यांनी मनात एक धिप्पाड माणूस उभा केला होता. सात नंबरच्या खाटेवर मोठ्या कानांचा, मूठभर जिवाचा म्हातारा पडलेला.

"बाबा, ऑफिसातले आलेत," सून म्हणाली.

कोठीवाल्यांनी परक्याकडे पाहावं तसं पाहून मान हलवली. मास्तर म्हणाले, "प्रत व्यवस्थित निघाली आज. मीच दाबलं पुढे."

म्हाताऱ्याचे डोळे एकदम मोठे झाले. "मो... मोजली?"

"दोनदा."

डाव्या हातानं त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं आणि रडू लागले. मग बरंच काही बोलले. पण जीभ वळत नव्हती. सगळी ओळख आवाजाची, आणि नेमका आवाजच गेला होता. सुनेला कळत होतं, मास्तरांना एक अक्षर लागत नव्हतं. तरी ते "हो, हो" करत राहिले. अर्ध्या तासानं नर्सनं उठवलं.

स्टॉपवर आल्यावर त्यांनी बायकोला फोन लावला.

"अहो, आज शनिवार ना? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. तू कधी येतेस?"

"तुम्हीच म्हणालात ना, घाई करू नकोस म्हणून."

"म्हणालो खरा." मास्तर म्हणाले. "खोटं बोलत होतो. मला घर खायला उठतं गं."

पलीकडे एक बाळ रडायला लागलं, त्याचं ऐकून दुसरंही. "बघते हं मी," ती घाईनं म्हणाली. "रात्री बोलू नीट."

सोमवारी साहेबांनी तो टप्पा टूलकडे द्यायला सांगितलं. मास्तरांनी या वेळी वाद घातला नाही. नऊ मिनिटांत काम झालं. कोठीवाल्यांकडे ते आणखी तीन शनिवार गेले. चौथ्याच्या आत परगावी असलेल्या मुलानं वडिलांना आपल्याकडे नेलं. बायको आली ती सहा आठवड्यांनी, पंधरा दिवसांच्या बोलीवर. स्टेशनवर तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलात हो! सांगायचं नाही का आधी?"

मास्तरांनी तिची बॅग उचलली. "चल," ते म्हणाले, "बस चार मिनिटांत आहे."