गुढी न झालेला पाइप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाइप आहे. आज भंगारात गंजत पडलोय म्हणून नाक मुरडू नका. एके काळी बहारीनमध्ये माहूज भागातल्या इमारती माझ्या खांद्यावरून वर चढल्या.

१९७९ साल असेल. आमच्या साइटवर परांची बांधणारा गुंडू सावंतवाडीकडचा, तर क्रेनला हाताने खुणा करणारे ताहिरभाई रत्नागिरीचे. कामाला हात घालण्याआधी ते मान वर करून विजेच्या तारा न्याहाळत. "ताहिरभाय भरदिवसा चंद्र शोधतायत!" म्हणून सगळे हसत. मला मात्र या माणसाचे फार कौतुक वाटे.

पाडवा आला आणि बांबू काही मिळेना. मग गुंडूने मलाच सजवले. रेशमी खण, कडुनिंबाचा डहाळा, गावाहून जपून आणलेली साखरेची गाठी आणि टोकावर तांब्याचा गडू! मी तर फुगूनच गेलो. गुढी थेट शेजारच्या उम्म अल हस्सम वस्तीतून दिसावी म्हणून तो मला गच्चीवर घेऊन गेला. गच्चीच्या बाजूनेच उघड्या तारा गेल्या होत्या. गुंडू मला उभा करू लागला.

"गुंडू, थांब! आडवा कर तो पाइप!" ओरडत ताहिरभाई धावत वर आले.

"तारेला लागणार नाय, भाय. लांब हाय ती."

"लागायलाच पायजे असं नाय. जवळ गेलास तरी वीज उडी मारते. मग खलास!"

"मग काय बुटकी गुढी लावू? सणाच्या दिवशी?"

"बुटकी लाव. गुढी बघायला तू नको?"

गुंडूने कुरकुरत मला आडवा केला. इतक्यात वाऱ्याचा झोत आला. खण फुगला आणि आडवा असूनही मी गुंडूच्या हातांना जोराचा हिसका दिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

शेवटी गुढी खोलीच्या दाराशी, लाकडी वाशावर उभी राहिली. तिच्यावर गाठी नव्हती. गुंडूने ती ताहिरभाईंच्या गळ्यात घातली. "ह्या वर्साची माझी गुढी तुम्हीच," म्हणाला आणि रडू लागला.

पुढे ताहिरभाईंनी मला लाल-पांढरे पट्टे रंगवले आणि साइटच्या रस्त्यावर, तारांच्या अलीकडे, दोन खांबांवर आडवे बांधले. माझ्याहून उंच गाडीने पुढे जायचे नाही! कित्येक वर्षे लॉऱ्या आणि क्रेन माझ्यापाशी थांबल्या. दर पाडव्याला गुंडू मला हळदकुंकू लावी.

मित्रांनो, शिडी असो की पाइप, उचलण्याआधी मान वर करून बघा. चंद्र शोधताय का म्हणून कोणी हसले, तर खुशाल हसू द्या.