नकाशावरची काच

रविवार, २८ ऑक्टोबर १९५६. सकाळी दहाच्या सुमारास लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, सुंदराबाईंनी भिंतीवरची तसबीर पुसायला खाली काढली आणि अरबी समुद्रात त्यांना एक माणूस दिसला.

तसबीर संयुक्त महाराष्ट्राच्या नकाशाची होती. वहीच्या पानाहून थोडा मोठा कागद, जमीन भगवी, समुद्र गडद निळा. बेळगाव-कारवार आत, विदर्भ-मराठवाडा आत, मुंबईवर तांबडा ठिपका. जानेवारीतला गोळीबार आणि संचारबंदी संपल्यावर असे नकाशे गिरणगावात दारोदार विकले गेले होते. खळीने भिंतीला चिकटवलेला कागद पावसाळ्यात सुटतो, म्हणून पुष्कळांनी ते परळच्या बाबुरावकडून मढवून घेतले.

बाबुराव स्वस्तात मढवून देई. चौकटीला मालाच्या खोक्यांच्या देवदारी पट्ट्या, मागे गिरणीतल्या खोक्यांचा पुठ्ठा, आणि काच म्हणून फोटोवाल्यांच्या जुन्या प्लेटी. या प्लेटी म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह. स्टुडिओ बंद पडला किंवा फिल्मवर गेला की त्या मोडीत निघत. बाबुराव त्या सोड्याच्या कढत पाण्यात बुडवून ठेवी. वरचा थर सुटला की खाली स्वच्छ, पातळ, चांगली काच उरे. देवादिकांची चित्रं, कॅलेंडरं, कापडाच्या ताग्यांवरची रंगीत लेबलं, सगळ्यांना तो हीच काच लावत आला होता.

जानेवारीत एक खेप त्याने अशीच भिजत घातली आणि संचारबंदी लागली. दुकान उघडायला मिळालं तेव्हा पाणी केव्हाच निवलं होतं. थर अर्धा सुटलेला, अर्धा तसाच सुकलेला. त्यात नकाशांची झुंबड उडाली. फडक्याने पुसून त्याने काचा बसवून दिल्या. फिक्या कागदावर असा उरलेला थर कळून येत नाही. गडद रंगावर येतो, आणि निगेटिव्हमधलं काळं-पांढरं तिथे उलटं होऊन माणूस माणसासारखा दिसतो. सुंदराबाईंच्या तसबिरीत गडद रंग फक्त समुद्राला होता.

सुंदराबाईंना आधी तो डाग वाटला. दिवाळीची साफसफाई चालली होती, हाताशी भांड्यांची राख होती. ओल्या फडक्यावर राख घेऊन त्यांनी तो घासला. मग डागाला डोळा असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं आणि हात थांबला. तोवर एक गाल आणि गळ्याखालचा बराचसा भाग गेला होता.

त्यांनी शेजारच्या लक्ष्मीला हाक मारली. का मारली, हे चाळीत कोणाला सांगावं लागलं नाही.

लक्ष्मी गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होती. नवरा कुशाबा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. तिचा धाकटा भाऊ लवू त्यांच्याकडे राहत असे. जानेवारीत गिरणीतली पाळी संपवून घरी येताना नाक्यावर त्याला गोळी लागली. तो मोर्चात नव्हता, त्या दिवशी सभाही नव्हती. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. गेल्या वर्षीच्या दिवाळीआधी एकदा जेवताना तो म्हणाला होता की गिरगावात फोटो काढून आलोय, मुलीकडच्यांना दाखवायला होईल. कोणत्या दुकानात ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. तो गेल्यावर कुशाबाने गिरगावातली दुकानं पालथी घातली होती. आता पौषात वर्षश्राद्ध होतं, आणि लक्ष्मीला त्या दिवशी भावाची तसबीर भिंतीवर हवी होती. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं.

गॅलरीत घोळका जमला. रत्नागिरीच्या समोर, पाण्यात, एका तरुणाचा चेहरा होता. कपाळ रुंद, केस चापून बसवलेले, कोटाची कॉलर. बोटीने गावाक चाललो दिसता, असं कोणीतरी म्हणालं आणि लक्ष्मीला पाहून गप्प झालं. मग कपाळावरून, केसांवरून, हा लवूच, असं एकेक जण म्हणू लागला. सुंदराबाईंनी राखेचे हात पदराला पुसले आणि देवाची करणी म्हणून रडायला सुरुवात केली.

लक्ष्मीने तसबीर उजेडाला धरली. बराच वेळ पाहिली.

"ह्यो लवू नाय," ती म्हणाली.

लवू तीन वर्षांचा असताना गोठ्यातल्या दाव्यात त्याच्या कानातली बाळी अडकली होती आणि पाळी फाटली होती. डाव्या कानाची. तेव्हा त्याला कडेवर घेऊन वैद्याकडे पळत गेली ती लक्ष्मीच. काचेतल्या तरुणाच्याही पाळीला चीर होती, पण उजव्या.

घोळका पांगला. सुंदराबाई म्हणाल्या की मग ही पिडा घासूनच टाकते. लक्ष्मीने तसबीर परत दिली नाही. कोणाचा तरी फोटो आहे, कदाचित त्यांच्याकडेही दुसरा नसेल, एवढंच ती म्हणाली, आणि दुपारी कुशाबाला घेऊन परळला गेली.

बाबुराव आधी थट्टेवर आला. "काच स्वस्तात पाहिजे म्हणालात. वर माणूस फुकट दिला, तर तक्रार?" कुशाबाने त्याला लवूचं सांगितलं. बाबुरावने दोघांना बसायला स्टूल पुढे केलं आणि चिमट्याने चौकटीचे खिळे स्वतः काढले. ती खेप गिरगावातल्या शरदचंद्र विजयकरांची होती, त्याने सांगितलं. डोळे अधू झाले म्हणून गेल्या डिसेंबरात त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि प्लेटी विकल्या.

गिरगाव म्हटल्यावर कुशाबाने लक्ष्मीकडे पाहिलं. तिने नकाशा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि काच वर्तमानपत्रात बांधून घेतली.

विजयकर पाठारे प्रभू, तीन पिढ्यांचं बिऱ्हाड एकाच घरात. शरदचंद्र सत्तरीला आलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी पाहुण्यांना आरामखुर्च्यांवर बसवलं, पत्नी यशोदाबाईंना चहा करायला सांगितलं आणि काच हातात घेतली. डोळ्यांशी नेली नाही. अंगठ्याने एक बाजू, मग दुसरी बाजू हलकेच तपासली.

"तसबिरीत ही खरखरीत बाजू बाहेर होती ना?"

कुशाबाने होय म्हटलं. त्याशिवाय सुंदराबाईंचं फडकं थराला लागलंच नसतं.

"मग बाई, ही काच उलटी बसवली होती. आरशात पाहावं तसं दिसलं तुम्हाला. डावं ते उजवं."

त्यांनी काच फिरवली आणि आपल्या काळ्या अल्पाकाच्या कोटाच्या बाहीवर धरली. चेहरा पुन्हा उमटला. चीर डाव्या कानाला होती.

यशोदाबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी कप तिच्या हातात न देता खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने लक्ष्मीने विचारलं ते एवढंच, की ही चीर कानाची की राखेची.

शरदचंद्रांना हा प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी घाईने उत्तर दिलं नाही. भिंग मागवलं, पण ते यशोदाबाईंच्या हातात दिलं. त्यांना एक बारीक रेघ दिसली, पाळीपासून खाली जाणारी. तशाच तीन-चार रेघा गालावरही होत्या. लक्ष्मीने भिंगातून पाहिलं. तिलाही तेच दिसलं. शरदचंद्रांनी बोट टेकवलं आणि मान हलवली. सोड्याने सगळाच थर खरखरीत झाला होता, ओरखडा कुठला आणि कानाचा आकार कुठला, ते बोटाला सांगता येईना.

कोटावरून काही कळण्यासारखं नव्हतं. परळ-लालबागहून येणारी बहुतेक मुलं स्टुडिओतलाच कोट घालून फोटो काढत, आणि तो एकच कोट होता. चेहरा आठवतो का, असं कुशाबाने विचारलं. शरदचंद्र म्हणाले की अलीकडच्या गिऱ्हाइकांचे चेहरे त्यांनी धूसरच पाहिले आहेत. मुलगा लाजत असला की हनुवटी खाली जाते, ती बोटाने वर करावी लागते, तेवढं हाताला आठवतं. पण बहुतेक सगळेच लाजत.

लवू लाजत असे, असं लक्ष्मी म्हणाली.

एक उपाय होता. औषधात बुडवून पुसट थर गडद करता येतो, मग त्यावरून कागदावर चांगली प्रत निघते. शरदचंद्रांनी तो स्वतःहून सांगितला आणि त्यातला धोकाही सांगितला. सोड्याने मऊ झालेला थर औषधात टिकेल असं नाही. चेहरा वर येईल, किंवा सगळाच वाहून जाईल. "तुमचा असला तर तुमचा जाईल. नसला तर ज्यांचा आहे त्यांचाही."

लक्ष्मीने नको म्हटलं. निघताना यशोदाबाईंनी तिची ओटी भरली आणि काचेला गुंडाळायला जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा दिला.

परतीच्या ट्राममध्ये काच तिच्या मांडीवर होती. लालबाग जवळ आलं तेव्हा कुशाबा म्हणाला, "तोच आसा गो. कान तोच, कपाळ तोच. हार घालूया नि मोकळे होवया."

"आणि दुसऱ्या कोणाचो झील आसलो तर? जितो आसलो तर?" लक्ष्मी म्हणाली. "जित्या माणसाक मी हार घालूचंय नाय."



त्याच आठवड्यात गुजरातसकट द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं, नकाशातला महाराष्ट्र कागदावरच राहिला. लक्ष्मीने चौकटीसकट परत आणून दिलेला नकाशा सुंदराबाईंनी टाकून दिला नाही. काचेवाचून तो चौकटीत तसाच लावला, आणि चाळीत कोणी काही बोललं की हा आमचा आहे, दिल्लीचा नाही, असं ऐकवू लागल्या. राखेबद्दल मात्र त्यांना कोणी बोललेलं नसतानाही त्या लक्ष्मीकडे रोज काही ना काही नेऊन देत. चकल्या संपल्यावर उकडलेले शेंगदाणे. शेवटी लक्ष्मीने त्यांना सांगितलं की तुम्ही घासला नसतात तर मी तसबीर कधी हातातच घेतली नसती. त्यानंतरही शेंगदाणे येत राहिले.

काच बाबुरावने नव्याने मढवली. काळा कागद तो आणणार होता, पण कुशाबाने आपल्या मोडक्या छत्रीचं कापड दिलं. ते कागदापेक्षा काळं होतं. खरखरीत बाजू या वेळी आत गेली. काचेला कापड चिकटू नये म्हणून बाबुरावने चारी कडांना पुठ्ठ्याची बारीक पट्टी दिली. लक्ष्मीच्या सांगण्यावरून तसबीर त्याच्याच दुकानात दर्शनी भिंतीवर लागली, देवांच्या रांगेपासून जरा दूर, ऊन लागणार नाही अशी. खाली पाटी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबुराव विचारी, हा ओळखीचा आहे का. लक्ष्मी गिरणीतून सुटली की त्या बाजूने घरी येई. वाट लांबची होती.

तिने जानेवारीतल्या वर्षश्राद्धापर्यंतची मुदत ठेवली होती. तोवर कोणी आलं नाही, तर तसबीर घरी न्यायची.

नोव्हेंबरात प्रभादेवीचे एक गृहस्थ आले, त्यांचा भाचा इंदूरला गेला तो परतलाच नव्हता. त्यांनी पाहिलं आणि नाही म्हणून गेले. डिसेंबरात शरदचंद्रांनी तसबिरी मढवायला दोन नवी गिऱ्हाइकं बाबुरावकडे पाठवली आणि त्यांच्याबरोबर निरोप, काच ओल्या फडक्याने पुसू नका. त्या गृहस्थांखेरीज कोणी विचारायला आलं नाही. कुशाबाने खिळा ठोकायची जागा ठरवून ठेवली, दक्षिणेच्या भिंतीवर, लवू वळकटी ठेवी त्याच्या वर.

२ जानेवारीला, बुधवारी, वरळी कोळीवाड्यातली एक म्हातारी मासळीची पाटी रिकामी करून परत जाताना दुकानासमोर थांबली. पाटी खाली ठेवून बराच वेळ उभी राहिली. तिचा मुलगा दोन वर्षांमागे होडीवरून समुद्रात पडला तो मिळाला नव्हता. लग्नाआधी त्याने गिरगावात फोटो काढला होता. कोट होता का, ते तिला माहीत नव्हतं. कान फाटका होता का, असं बाबुरावने विचारलं. ती म्हणाली, कान नीट होता, पण हनुवटी आमच्याच घरची आहे. आपल्या नजरेचा तिला भरवसा नव्हता. रविवारी सुनेला घेऊन येते, सून सांगेल, असं म्हणून ती गेली.

बाबुरावने हे संध्याकाळी लक्ष्मीला सांगितलं. सांगावं की नाही यावर तो दिवसभर अडला होता, तेही त्याने सांगितलं. लक्ष्मीने म्हातारीचं नाव विचारलं. त्याने विचारून घेतलं नव्हतं.

वर्षश्राद्ध मंगळवारी होतं. शनिवारी कुशाबा दादरच्या फुलबाजारात सांगून यायला निघाला, तेव्हा हार सांगू का, असं त्याने विचारलं. लक्ष्मीने सुटी फुलं सांग म्हटलं.

रविवारी, ६ जानेवारीला, सकाळी आठ वाजता बाबुरावने दुकान उघडलं तेव्हा लक्ष्मी पायरीवर बसलेली होती. त्याने तिला स्टूल दिलं. तिने तसबिरीची काच कोरड्या फडक्याने एकदा पुसली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. दोनदा चहा झाला. दुपारी बारापर्यंत वरळीहून कोणी आलं नव्हतं.