अनिमाचं पान

"कुजूर, ते खोकं आता बंद करा," प्राचार्य बिस्वाससर दारातूनच म्हणाले. "समुद्रातून केबल आली. सगळं थेट चेन्नईहून येतंय. तुमच्या साठवणीची आता गरज काय?"

म्हणे गरज काय. पोर्ट ब्लेअरच्या या कॉलेजात अकरा वर्षं उपग्रहाच्या सुतळीएवढ्या लाइनवर आठशे पोरांना इंटरनेट पुरवलं ते सर्व्हरच्या याच खोक्यानं. कुणी काही मागितलं की ती मागणी मी आधी इकडे वळवायचो; एकदा आणलेलं पान पुढच्यांना इथूनच मिळायचं. पण हे कुणाला सांगणार? मी मान हलवली.

माझी अडचण वेगळीच होती. वाचनालयात झाडलोट करणारी फुलमनी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या खोलीत यायची आणि चेन्नईच्या एका इस्पितळाचं पान उघडायला लावायची. त्यावर तिच्या लेकीचा, अनिमाचा फोटो होता; खाली लिहिलेलं, 'नर्स, वॉर्ड चार'. अनिमा तापानं गेली त्याला तीन वर्षं झाली. इस्पितळानं ते पान केव्हाच काढून टाकलं होतं. माझ्या खोक्यात मात्र मी ते जपून ठेवलं होतं, आणि फुलमनीला हे सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

आजही ती आली, तांदूळ-डाळीच्या छिलका रोट्या माझ्यापुढे सरकवल्या आणि पडद्याकडे बघत बसली.

"फुलमनी, उद्यापासून हे दिसणार नाही. तिकडून त्यांनी कधीच काढलंय. इतके दिवस मीच तुला फसवत होतो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दोन वर्षांमागं मायाबंदरला भाच्याच्या मोबाइलवर बघितलं. नव्हतं."

"मग रोज कशाला येत होतीस?"

"तू एकटा जेवतोस ना, दादा. आपणहून 'ये' म्हणाला असतास का कधी?"

खरंच, म्हणालो नसतो. बायको गेल्यापासून मी कुणालाच काही म्हणालेलो नाही.

"फोटो छापून दे मला," ती डबा आवरत म्हणाली. "आणि आता नाही जमायचं यायला. पानाचं निमित्त संपलं. लोक विचारतील, रोज तिथं काय आहे तुझं? काय सांगू?"

मी फोटो छापून दिला. ती गेल्यावर खोकं बंद केलं. त्याचा पंखा हळूहळू थांबला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा झाली. इंटरनेट सुसाट चाललं होतं. मी दुसरी खुर्ची पुसली, आणि डबा उघडण्याआधी थोडा वेळ थांबलो.