सरकलेल्या पट्ट्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सागवानी ठोकळा आहे. चौकट करताना सुताराने मला जास्तीचा म्हणून कापून टाकले. पण घरातल्या आत्याने मला उचलून ठेवले. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी कित्येक वर्षे त्याला टेकून बसलो. आत्या पाहुण्यांना माझे कौतुक सांगायची. पुढे दाराला लोहचुंबक बसले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी धूळ खाल्ली, पण झिजलो नाही.

माळ्यावरून मला खाली घरातला बोळ दिसायचा. तिथे फरशीवर विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या, पट्ट्या अंथरल्या होत्या. त्या जमिनीला चिकटवलेल्या नसतात. एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि ऊनथंडीने थोड्याशा हलतात. हळूहळू त्यांचे सांधे सुटले. आत्याबरोबर राहणारी तिची भाची बस चालवायची. तिने फटींत लांबीचा लगदा भरला. महिन्याभरात त्या लगद्याचे तुकडे पडले.

आत्याच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. वॉकर धरून ती नव्याने चालू लागली होती. एका सकाळी वॉकरचा पाय फटीच्या कडेला अडला आणि ती भिंतीवर कोलमडली. लागले नाही, पण भाची पार हादरली.

"आजपासून तू उठायचं नाहीस, आत्या. जे हवं ते पलंगावर मिळेल."

आत्या शांतपणे म्हणाली, "माझे पाय बरे झालेत गं. बिघडलीये ती जमीन. तिचं बघ."

भाचीने फरशीच्या दुकानदाराला फोन लावला. एखादे जड सामान त्या ओळीवर बसले असेल, तर पट्ट्या एका बाजूने जखडतात आणि दुसरीकडे सुटतात, असे त्याने सांगितले. बोळाच्या टोकाला लोखंडी कपाट होतेच. भाचीने ते रिकामे केले आणि शेजाऱ्याच्या मदतीने आतल्या खोलीत हलवले. मग फटींतली माती ब्रशने काढली आणि मला माळ्यावरून उतरवले.

माझ्या पोटाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून तिने मला पट्टीवर घट्ट बसवले आणि माझ्या कुशीवर रबरी हातोडा मारला. मी ते घाव मजेत सोसले. पट्टी माझ्याबरोबर सरकली आणि शेजारणीला जाऊन भिडली. एकेक सांधा असाच मिटत गेला. भिंतीपाशी थोडी मोकळी जागा उरली, ती तिने पट्ट्यांना हलता यावे म्हणून मुद्दाम ठेवली. वर झाकणपट्टी ठोकली.

संध्याकाळी आत्या वॉकर घेऊन निघाली. भाची आधाराला हात पुढे करून तिच्या मागोमाग चालू लागली. "हात खाली घे, तो बघून मला उगाच घाई होते," आत्या म्हणाली आणि बोळ पार करून थेट गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, फट दिसली की ती बुजवायची घाई करू नका. का पडली ते आधी शोधा. आणि कोणी अडखळले, तर त्याला बसवून ठेवण्यापूर्वी त्याच्या पायाखालची जमीन नीट करा. ठोकळा लागला, तर मी आहेच.